दारावरची पाटी
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला मानसरोवर कॉलनीतली माझी एकट्याची खोली आठवते. बदलीवर जयपूरला नवा आलो होतो. ऑफिसात प्रत्येक टेबलावर सरकत्या पट्टीची पाटी असे: इन, आउट, टूर, लीव्ह. मराठी शाळेत शिकलेल्या मला शिपायाने फरक समजावला, "टूर मतलब साहब लौटेंगे. लीव मतलब फोन भी मत करना." मला ती पाटी इतकी आवडली की तशीच एक करवून मी खोलीच्या दाराला लावली. भाजी आणायला निघालो की 'टूर', रविवारी लोळत पडलो की 'लीव्ह'! विचारायला कुणी येत नव्हतं, पण पाटीमुळे कुणीतरी येऊन गेलं असेल असं वाटायचं. एका शुक्रवारी मी पट्टी 'आउट'वरच विसरून आत शिरलो आणि तापाने आडवा झालो. डबेवाला पाटी वाचून दोन दिवस डबा परत घेऊन गेला. फोन करावा असं कुणी आठवेना. रविवारी संध्याकाळी दार वाजलं. समोरच्या आंटीजी दलियाची वाटी घेऊन उभ्या होत्या. "भैया, लिखा तो आउट है, पर चप्पल दो दिन से यहीं पड़ी है!" मी आधी हसलो, मग वाटीत तोंड लपवलं. आता म्हातारपणी पुन्हा एकटाच राहतो, जयपूरच्याच प्रताप नगरात. "बाबा, चपला आत ठेवा, चोरीला जातील," असं मुलगा परदेशातून बजावतो. मी हो म्हणतो आणि बाहेरच ठेवतो.