खोट्या अर्थांचा खेळ आणि आमचे नाना

माझ्या जेठांशी मी लग्न झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो, रीतच तशी. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आमचे नाना. आमच्या दोंडाईचाकडच्या गावांत धाकट्याच्या बायकोने जेठांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही, आणि तोंडाने बोलायचं तर नाहीच नाही. आता कोण पाळतं हे सगळं? माझी सून फोनवर माझ्या यजमानांशी क्रिकेटवरून कडाकडा भांडते आणि मला मोठी मजा वाटते ऐकायला. पण आमच्या वेळचं जे अंगात मुरलं ते मुरलं.

मग घर चालायचं कसं, असं तुम्ही विचाराल. तर मध्ये माझ्या जाऊबाई होत्या, आमच्या अक्का. मी चुलीजवळून हळूच म्हणायची, "अक्का, नानांना विचारा, अजून भाकरी टाकू का?" नाना समोरच जेवत असायचे, त्यांनी ऐकलेलं असायचं. तरी अक्का मान वळवून त्यांना विचारणार, मग नाना अक्कांना सांगणार, "तिले सांग, पुरे शे," आणि मग अक्का माझ्याकडे वळून, "पुरे म्हणताय." एवढ्या वेळात भाकरी तव्यावर करपायची. पण आम्हाला कोणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही.

मागच्या थंडीत अक्का गेल्या. नानांची एकच मुलगी, ती सुरतेला दिलेली. तिच्या दोन खोल्यांत नाना राहायला तयार नाहीत. आमचे यजमान गावी गेले आणि भावाला जळगावला आपल्या घरी घेऊन आले. नाना पुढच्या खोलीतल्या दिवाणावर बसायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. जेवायचे ते पाखरासारखं. त्यांना साखरेची गोळी असते, वेळेवर खावं लागतं. अक्का असत्या तर त्यांनी रागावून वाढलं असतं. मी ताटात भाकरी ठेवून मागे सरकायची. म्हणणार काय? आणि कोणाकरवी म्हणणार? यजमानांना असले निरोप कधी जमलेच नाहीत.

दुःख दोघांचं एकच होतं बघा. अक्का त्यांची बायको, पण मला बहिणीपेक्षा जास्त. तरी एका घरात राहून आम्ही दोघं अक्कांबद्दल एक अक्षर बोलू शकत नव्हतो, कारण बोलणं पोहोचवणारी बाईच गेलेली.

एक दिवस नानांनी भावाला सांगून टाकलं, "आखाजी झाली का मी गावाले जास." आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्या खानदेशचा मोठा सण. यजमानांनी खूप समजावलं. गावी बंद घर, भाकरी टाकायला कोणी नाही, गोळीची आठवण करायला कोणी नाही. नाना मान हलवायचे आणि पुन्हा तेच. मला आतून सगळं ऐकू येत होतं. आत्ता गेले तर हे माणूस आपल्याला परत दिसायचं नाही, असं माझं मन मला सारखं सांगत होतं.

त्याच दिवसांत नात सुट्टीला आली पुण्याहून. येताना जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक जाडजूड मराठी शब्दकोश उचलून आणलेला, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेला. म्हणाली, "आजी, हॉस्टेलला आम्ही एक खेळ खेळतो. मी यातून कोणालाच माहीत नसलेला शब्द काढणार. सगळ्यांनी चिठ्ठीवर त्याचा खोटा अर्थ लिहायचा, अगदी खरा वाटेल असा. मी त्यात खरा अर्थ मिसळून सगळे वाचणार. मग ओळखायचं, खरा कुठला. तुझ्या खोट्याला कोणी खरा म्हणालं, की तुला एक मार्क."

मला शाळा म्हणाल तर चौथीपर्यंतची. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. पण असला खेळ म्हटल्यावर मी पीठ मळता मळता हात धुऊन आले.

नाना पुढच्या खोलीत दिवाणावर, मी स्वयंपाकघरात पाटावर, आणि मधल्या उंबऱ्यावर नात कोश मांडीवर घेऊन. यजमान इकडून तिकडे खुर्ची ओढत. पहिला शब्द निघाला 'गाभोळी'. आमच्याकडे कोणाला काय माहीत! यजमानांची सगळी उमर सरकारी कचेरीत गेलेली, त्यांनी लिहिलं, 'वरच्या साहेबाच्या सहीसाठी पडून राहिलेला कागद.' नानांनी पेन्सिलीने बराच वेळ लावून लिहिलं, 'गाभण म्हशीच्या पाठीवर घालतात ते फडकं.' आणि मी लिहिलं, 'कोवळी चिंच गाभुळली की तिच्यात गूळ, तिखट, मीठ घालून, तेलाचा हात लावून थापायची आणि उन्हात वाळवायची वडी.'

नात वाचता वाचता हसायला लागली. "आजी, तुझ्या अर्थाला फोडणी असते! लगेच ओळखू येतं."

"मग कोणी फसणार नाही म्हण माझ्या अर्थाला," मी म्हटलं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून नाना म्हणाले, "वडीवाला खरा शे."

मला एक मार्क मिळाला. खरा अर्थ निघाला मासळीच्या पोटातली अंडी. आमच्याकडे ना समुद्र ना काही, यजमान म्हणाले, "तापीकाठच्या माणसाला हे विचारणं म्हणजे अन्यायच आहे."

मग रोज दुपारची जेवणं झाली की खेळ सुरू. आणि एक गंमत माझ्या ध्यानात आली. नाना दरवेळी माझाच अर्थ खरा म्हणायचे. त्यात लसूण असो की जिरं असो, शेंबड्या पोराने ओळखावं इतका तो माझा असला, तरी नाना आपले शांतपणे म्हणणार, "हाऊच खरा." मग मीही त्यांचे अर्थ खरे म्हणायला लागले. त्यांच्या अर्थात बैल, म्हैस, विहीर असं काही ना काही असायचंच. नात वैतागली. "तुम्ही दोघं मिळून चीटिंग करताय! आजी, बैलाची घंटा कशी असेल 'उमाणे' म्हणजे? उमाणे म्हणजे कोडं!" नाना गालात हसले म्हणे. मी काही पाहिलं नाही, यजमानांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली, नातीकडून.

मला वाटलं, आता राहतील. पण आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी त्यांनी पिशवी काढून धोतरं घड्या घालून ठेवायला सुरुवात केली.

त्याच दुपारी शब्द निघाला 'खाजण'. नातीने चिठ्ठ्या मिसळल्या आणि वाचायला लागली. एक अर्थ होता खाऱ्या पाण्याची दलदल. एक होता अंगाला खाज आणणारा पाला, तो यजमानांचा, त्यांची धाव तिथपर्यंतच. एक माझा, नेहमीसारखा फोडणीचा. आणि एक होता, 'पाहुणा फार दिवस बसून राहिल्यामुळे घरच्या बाईला स्वतःच्याच घरात मागच्या दाराने यावं-जावं लागतं, ती जागा.'

यजमान खो खो हसले. "हे तर माझ्या सासरवाडीचं वर्णन!"

मी हसले नाही. आमच्या घराची रचना अशी, की रस्त्यावर जायचं तर नाना बसतात त्या खोलीतूनच जावं लागतं. त्यांच्यासमोरून कसं जाणार, म्हणून ते आल्यापासून मी मागच्या दाराने, मोरीजवळून वळसा घालून जात होते. भाजीवाला आला तरी तसंच. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं, पण ते दिवाणावर बसून सगळं बघत होते. आपल्यामुळे हिची कोंडी होते, हे मनात धरून बसलेले. गावच्या घराची ओढ वगैरे काही नव्हतं.

संध्याकाळी मी यजमानांना अंगणात गाठलं. "अहो, ते माझ्यासाठी चाललेत. तुम्ही सांगा ना त्यांना, मला काही त्रास नाही म्हणून."

"सांगितलं की. तो म्हणतो, हे तू सांगतोस. ती कुठे सांगते?"

"मी कशी सांगणार?"

"नको सांगूस. लिही. चिठ्ठीला कुठे पदर घ्यावा लागतो?"

आमचे हे एरवी विनोद करतात आणि फसतात. पण त्या दिवशी बरोबर बोलले.

आखाजी झाली. सांजोऱ्या झाल्या, आंब्याचा रस झाला, पोरींनी झोके घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नाना निघणार होते. पिशवी दाराशी उभी. दुपारी नात म्हणाली, "शेवटचा डाव." शब्द निघाला 'उलांडी'.

मला खूप वेळ लागला लिहायला. नात ओरडत होती, "आजी, झालं का, निबंध लिहितेस का?" मग तिने वाचायला घेतलं. पहिला अर्थ, होडी उलटू नये म्हणून तिच्या बाजूला बांधलेलं लाकूड. दुसरा, बैल उधळला की तोडतो ती दोरी. तिसरा माझा होता.

'उलांडी म्हणजे घरातल्या थोरल्या माणसाचा पुढच्या खोलीतला वावर. तो ऐकू आला की आत काम करणाऱ्या बाईला धीर असतो, घर भरलेलं आहे असं वाटतं. मागच्या दाराने जायचं तिला काही दुःख नसतं, उलट शेजारणीशी चार गोष्टी होतात. पण उलांडी थांबली तर तिने वाटण कितीही चांगलं वाटलं, तरी भाजीला चव येत नाही.'

वाचता वाचता नातीचा आवाज हळू झाला. चौथा अर्थ तिने पटकन वाचून टाकला. "नाना, खरा कुठला?"

पुढच्या खोलीत दिवाण करकरला. मग नाना म्हणाले, "तिसरा खोटा शे."

"खोटा नाही ओळखायचा, नाना, खरा ओळखायचा."

"मले माहीत शे. तिसरा खोटा शे. मन राखाले लिखेल शे."

आणि मी पाटावरून उठले ते थेट उंबऱ्यात येऊन उभी. मला स्वतःलाच कळलं नाही. तोंडातून गावची बोली बाहेर पडली. "खोटा नई शे, नाना! बठ्ठा खरा शे! आठेच ऱ्हा तुमी!" सगळा खरा आहे, इथेच राहा, असं सरळ त्यांनाच म्हटलं मी.

"आजी!" नात किंचाळली. "स्वतःची चिठ्ठी सांगायची नसते! तू बाद!"

यजमानांनी तिच्या हाताला धरून तिला गप्प केलं. पदर खांद्यावर आलाय हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी तो डोक्यावर घेतला, पण आत काही गेले नाही. आता बोललेच होते, परत कुठे जाणार!

नाना कॅलेंडरकडे बघत बसले होते. आता हे उठून जातात, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "मंग एक सांग. भरीतमा मीठ जास्ती टाकस, ते बी खरं शे का?"

"जास्ती?" मला राहवेना. "अक्का तर म्हणायच्या, नाना म्हणताय भरीत एक नंबर! दरवेळी!"

"मी? कधीच नई."

"आणि लुगडं? निळं लुगडं नेसले की अक्का सांगायच्या, नाना म्हणताय धाकटीला निळा रंग शोभतो. त्या भरवशावर मी किती निळी लुगडी घेतली!"

नानांनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले होते आणि तोंड हसत होतं. "आणि तू? तू दर उन्हाळ्यात मन्हासाठी निराळ्या बिबड्या करस, असं ती सांगे. बिनतिखटाच्या."

मी ज्वारीचे पापड, आमच्या बिबड्या, सगळ्यांसाठी एकाच घाण्याच्या करत होते. बिनतिखटाच्या अक्का स्वतः करायच्या, लपून.

बापरे! म्हणजे इतकी वर्षं आमच्या दोघांच्या नावाने अक्काच बोलत होत्या. इकडचं गोड करून तिकडे, तिकडचं गोड करून इकडे. मी उंबऱ्यातच बसले आणि रडले, आणि हसले. नानाही उपरण्याने डोळे पुसत होते. मग आम्ही एकेक निरोप आठवून बघायला लागलो, हा तुमचा होता का, नाही, आणि तो, तो तुझा होता का, छे. खरा असा एखादाच निघायचा. नात कोश मिटून ऐकत राहिली. चहाची वेळ टळून गेली तरी कोणी उठलं नाही.

सकाळी नाना गाडीने गेले, पण यजमानांना बरोबर घेऊन. घराला नीट कुलूप लावलं, शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवलेली म्हैस त्यालाच देऊन टाकली, अक्कांच्या दोन गोधड्या आणल्या आणि आठवड्याच्या आत परत आले. मी पुढच्या दारातच उभी होते.

नानांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाणी दे व. नरडाणा स्टेशनापर्यंत उभा राहून आलो."

पाणी दिलं. मग गाडीत जागेवरून कोण कोणाशी भांडलं ते सगळं त्यांनी मला पहिल्यापासून सांगितलं, पेला हातात तसाच धरून. कमी बोलणारा माणूस म्हणून मी ज्यांना इतकी वर्षं ओळखत होते, ते आता जेवायला बसले की थांबतच नाहीत. परवा मी म्हटलंसुद्धा, "नाना, आधी जेवा, गोळी घ्यायची आहे." तर म्हणाले, "घेतो. पण आज मीठ बरोबर शे."