इन्व्हर्सची धास्ती

काळजी करण्याची कला परभणी जिल्ह्यात कोणाला पूर्णपणे साधली असेल, तर ती ताडकळसच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या गणिताच्या सरांना. मी तिथं मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी, त्यामुळं त्यांच्या काळजीचा पहिला वाटेकरी मीच. ऊन पडलं तर पोरांना लागेल म्हणून, आभाळ आलं तर पोरं भिजतील म्हणून, आणि दोन्ही नसलं तर "आज असं काहीच कसं न्हाई?" म्हणून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. वालूरला बहिणीकडं निघाले की परतीची एसटी कधी आहे हे विचारल्याशिवाय ते जाणाऱ्या एसटीत पाय ठेवत नसत. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "सर, आधी जाऊ तर द्या!"

अकरावीला फंक्शनचा इन्व्हर्स शिकवताना तर ही धास्ती कळसाला पोचे. उत्तरावरून उलटं चालत मूळ संख्येपर्यंत नेमकं पोचता येतं का, एवढाच प्रश्न. पण सर तो हरवलेल्या माणसाची चौकशी करावी तसा विचारत. फळ्यावर वर्गसंख्यांचा आलेख काढून त्यावर लाकडी पट्टी आडवी धरायचे. पट्टी वक्राला दोन ठिकाणी लागली की त्यांचा चेहरा उतरे. "दोनाचा वर्ग चार, उणे दोनाचाबी चार. आता चारानं माघारी कुणाच्या घरी जावं?" पोरं हसत. सर हसत नसत.

तीनेक वर्षांपूर्वी सहामाहीला त्यांनी हेच विचारलं: या फंक्शनला इन्व्हर्स आहे का? फक्त कोणत्या संख्या घ्यायच्या, ते लिहायचं राहिलं. पिंगळीकडून येणाऱ्या, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या घरातल्या एका मुलीनं लिहिलं, 'शून्य आणि धन संख्याच घेतल्या तर आहे.' सरांनी घाईत 'आहे' एवढंच वाचलं आणि शून्य दिलं. पुढं ती सायन्स सोडून आर्ट्सला चालल्याचं क्लार्कनं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिचा पेपर पुन्हा काढला आणि पांढरेफटक होऊन माझ्यापुढं उभे राहिले.

"घात झाला! तिचं बरोबर हाय. आन् प्राचार्य उद्या अर्जावर सही करायलेत."

कॉलेज सुटल्याबरोबर माझ्या मोटारसायकलवर तिच्या घरी निघालो. मागून प्रश्नांचा मारा चालूच. "तिनं ऐकलंच न्हाई तर? ऐकलं आन् बारावीला नापास झाली तर? तिच्या बापानं हाकलून दिलं तर?"

बाप रानात होता. दारात तिची आई कोकरांना पाला टाकत होती. आम्हाला बघून ती घाबरली. "हिनं काय केलं व्हय, सर?"

"तिनं न्हाई बाई, मी केलं."

मुलगी बाहेर आली. सर तिला म्हणाले, "प्रश्न मीच अर्धा घातला होता. तू तो पुरा करून सोडवलास. आन् मी तुला शून्य दिलं."

ती म्हणाली, "म्हंजे मला येतंय, सर? मला तेवढंच एक कळलंय असं वाटत होतं. तेबी चुकलं, म्हणलं आता हितं कशाला ऱ्हायचं?"

सर मान हलवत रुमाल शोधू लागले.

"आता तुमी कशाला रडायलाव?" आई म्हणाली. "बसा, च्या ठेवते."

मुलीनं अर्ज मागं घेतला. सरांना मात्र सुख कुठलं? आपण तिला थांबवलं आणि आता तिचं बिनसलं तर, ही नवी काळजी त्यांनी दीड वर्ष इमानानं वाहिली. बारावीच्या निकालादिवशी त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. ती पास झाली. आता परभणीला बीएस्सी करतेय, गणित घेऊन.

सर मागच्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेले. त्यांच्या जागी आलेले तरुण सर हुशार आहेत, शांत आहेत, दिवाळीआधीच पोर्शन संपवतात. स्टाफरूममध्ये आता निवांत चहा पिता येतो. तरी एखादं पोरगं चार दिवस वर्गात दिसलं नाही, की मलाच उगीच काळजी लागते, आणि ती सांगायला शेजारी कोणी नसतं.