टोपलीत ठेवलेल्या गोळ्या

पहिल्या पाळीचे कामगार मोटारसायकलींवरून खाणीकडे निघाले होते, तेव्हा आम्ही नऊ बाया आणि माझी मुलगी एस्तेर घुग्घुसच्या स्टँडवर उभ्या होतो. कोळशाचे ट्रक एकामागून एक जात होते. बस येईपर्यंत आमच्या धुतलेल्या साड्यांवर काळी पूड बसली. सुमनबाई म्हणाल्या, "झटकू नका वो, पसरते. चंदरपूरले गेल्यावर पाहू." सुमनबाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) बायकांच्या पुढारी. त्या म्हणाल्या म्हणून आम्ही साड्या झटकल्या नाहीत.

ही वही एस्तेरची आहे. मागची पानं कोरी उरली होती, त्यांवर मी हा प्रवास लिहून ठेवते आहे.

आलापल्लीच्या पुढे, सिरोंचाच्या रस्त्यावरच्या एका गावात तीन दिवसांची सभा होती. बाहेरून एक तरुण प्रचारक येणार होते. त्यांच्या प्रार्थनेनं दुखणी बरी होतात असं आम्ही ऐकलं होतं. मी एस्तेरसाठी निघाले होते. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि आठव्या वर्षापासून तिला मिरगी (फिट येण्याचा आजार) होती. चंद्रपूरच्या दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ द्यायच्या. दीड वर्षात एकही फिट आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "गोळी एक दिवसही चुकवायची नाही. एकदम बंद केली तर आधीपेक्षा मोठी फिट येईल." हे मला पाठ होतं. पण आईच्या मनाला वाटतंच, हे सगळं एकदाचं जावं, पोरीला गोळ्यांचं पाकीट सोबत न नेता कुठंही जाता यावं.

चंद्रपूरला बस बदलली. गोंडपिपरीच्या पुढे दोन्ही बाजूंना धानाची हिरवी बांधी लागली. पोळा होऊन गेला होता, बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून उतरला नव्हता. आष्टीला वैनगंगेचा पूल आला. एवढी रुंद नदी एस्तेरनं पाहिली नव्हती. ती खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "आई, एवढं पाणी कोणाचं?"

शेजारी एक शेतकरी बाई कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. तीच बोलली, "कोनाचंच नाई माय, म्हून तर एवढं हाये."

सगळी बस हसली. मीसुद्धा हसले, पण पदराआड. अनोळखी माणसांत मला बोलता येत नाही. मंडळीतही मी मागच्या रांगेत बसते. पुढची उभी राहिली की उभी राहते, ती बसली की बसते. त्यात मला बरं वाटतं, कारण चूक झाली तर ती आपली एकटीची नसते.

आलापल्लीला पोचलो तेव्हा स्टँडवर दोन बस उभ्या होत्या. गर्दी एका बसकडे धावली, सुमनबाईही धावल्या, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळ्या. चढताना मी पाटी वाचली. भामरागड असं लिहिलं होतं. आम्हाला तर सिरोंचाच्या रस्त्यानं जायचं होतं. वाटलं सांगावं. मग वाटलं, सुमनबाई चढल्या आहेत, त्यांना माहीत असेल. मी गप्प बसले.

गाव मागे पडलं आणि कंडक्टर आले. गावाचं नाव ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अवो बाई, हे गाडी तिकडं जातच नाई! नऊच्या नऊ बाया चढल्या, एकीलेही पाटी वाचता येत नाई काय?"

मी खाली पाहत राहिले. मला वाचता येत होतं. चौथी पास आहे मी.

वनखात्याच्या नाक्यापाशी आम्हाला उतरवलं. तिथून परत चालत आलो. सागाची झाडं इतकी सरळ आणि उंच की मान दुखेपर्यंत वर पाहावं लागे. पानं सुपाएवढी. एस्तेरनं एक पान डोक्यावर धरलं, मग सगळ्यांनीच धरलं, आणि पावसाची सर आली तेव्हा ते उपयोगीही पडलं. सुमनबाई पुढे चालत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "सुमनबाईनं आमाले जंगल तं दाखवलं!" सुमनबाई वळून म्हणाल्या, "अन् फुकटात दाखवलं." राग धरणाऱ्यातल्या त्या नव्हेत. आमच्या घरात आजारपण आलं की सगळ्यात आधी त्यांचाच डबा येतो, हेही लिहायला हवं.

दिवस मावळायच्या आत दुसऱ्या बसनं आम्ही त्या गावी पोचलो. बायांना घराघरांत वाटून दिलं. मला आणि एस्तेरला लालीबाईंच्या घरी जागा मिळाली. लालीबाई गोंड, माझ्याच वयाच्या, घरात त्या आणि त्यांची म्हातारी सासू. म्हातारी गोंडीत बोलायची. आम्हाला पाहताच तिनं तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "येर" (पाणी). अंबाडीची आंबट भाजी आणि गरम भात जेवलो. मी घरीही इतकी जेवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. टिनाच्या छपराखाली चटया अंथरल्या होत्या, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. प्रचारक खरंच तरुण होते. ढोलकीवर त्यांनी भजन म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं, आजही मी तसं म्हणणार नाही. त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, एस्तेरच्या डोक्यावर हात ठेवला. मग मेजावर एक बांबूची टोपली ठेवून ते म्हणाले, "ज्यांचा पूर्ण विश्वास आहे त्यांनी आपली औषधं इथं आणून ठेवावीत. देवावर भरवसा आणि खिशात गोळी, हे दोन्ही कसं चालेल?"

सुमनबाई उठल्या. त्यांना बी.पी. आहे, साखरही आहे. त्यांच्यामागे दुसरी उठली, मग तिसरी. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला असंच जातात. पुढची उठली की मागची उठते, ओळीत खंड पडू द्यायचा नाही. लहानपणापासून पायांना तीच सवय. माझ्या पुढची उठली आणि मीही उठले. काय घ्यायला आणि काय ठेवायला चालले आहे, हा विचार मी मेजापाशी पोचेपर्यंत केला नाही. तिथं पोचल्यावर मागे ओळ होती. मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टोपलीत ठेवलं.

जागेवर आल्यावर एस्तेरनं कानात विचारलं, "आई, संध्याकाळची?"

"चूप," मी म्हटलं.

दुपारी लालीबाईंच्या ओसरीवर बसले होते. म्हातारी रानातून टेकोडे (पावसाळ्यात वारुळांजवळ उगवणाऱ्या अळंब्या) घेऊन आली. टोपली तिनं सुनेपुढे ठेवली आणि हात धुऊन बाजूला बसली. लालीबाई एकेक टेकोडा उचलायच्या, उलटा करून खालच्या बाजूच्या पाकळ्या पाहायच्या, देठ मोडून हुंगायच्या, मग थाळीत टाकायच्या. दोन त्यांनी अंगणात फेकले.

मला राहवलं नाही. "सासूबाईंना ओळखता येत नाहीत काय?"

लालीबाई हसल्या. "तिले? साऱ्या गावाले तिनंच शिकवलं. मले बी तिनंच."

"मग पुन्हा काऊन पाहता?"

"आनणारीनं आनावं, रांधणारीनं पाहावं. हे या घरची रीत हाये. घाईत हात चुकते माय, कोनाचा बी चुकते."

"त्यांना राग नाही येत?"

लालीबाईंनी ते गोंडीत सासूला विचारलं. म्हातारी दात नसलेलं तोंड उघडून पुष्कळ वेळ हसली आणि काही बोलली. लालीबाईंनी सांगितलं, "ते म्हनते, न पाहता रांधली असती तं राग आला असता. मी मरावं असं हिले वाटते काय, म्हनली असती."

मी आत गेले आणि पिशवीतून शास्त्र (बायबल) काढलं. माझे वडील आमच्या देवळाची (चर्चची) घंटा वाजवत, झाडलोट करत. शास्त्र वाचताना एका जागी आले की ते नेहमी हसायचे आणि म्हणायचे, बिचाऱ्या तीमथ्याचं पोट! ती जागा कुठं आहे ते मला आठवेना. तीमथ्याला लिहिलेलं पत्र मी पहिल्यापासून बोट ठेवून वाचत गेले. माझं वाचणं सावकाश आहे. एस्तेर शेजारी बसून मोठे शब्द सांगत होती. शेवटी सापडलं. नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असं पौल प्रेषितानं त्याला कळवलं होतं. ज्याच्या हातून आजारी बरे झाले, त्यानं आपल्या लेकरासारख्या माणसाला दुखण्यावर उपाय सांगितला होता. त्याचा विश्वास कमी आहे असं म्हटलं नव्हतं.

मग मी याकोबाचं पत्र काढलं, कारण प्रचारकांनी सकाळी तेच वाचलं होतं. दोनदा वाचलं. ऊन अंगणातून कुडावर चढलं होतं. संध्याकाळच्या गोळीची वेळ जवळ येत होती.

तिथल्या मंडळीच्या पाळकांचं (पास्टरांचं) घर सभेच्या छपराला लागूनच. एस्तेरचा हात धरून मी दारात जाऊन उभी राहिले. आत पाळक, प्रचारक आणि सुमनबाई चहा घेत होते. टोपली कोपऱ्यात होती. पाळक म्हातारे होते. ते म्हणाले, "या ना बाई. काऊन उभ्या?"

एस्तेरनं माझा हात दाबला. मी म्हटलं, "पोरीच्या गोळ्या पाहिजेत."

सुमनबाईंनी कप खाली ठेवला. "देवाले देलेलं परत मागते? लाज नाई वाटत? साऱ्याइनं ठेवल्या, तुलेच काय झालं?"

"साऱ्याइनं ठेवल्या म्हून मी ठेवल्या, सुमनबाई. देवानं सांगतलं म्हून नाई ठेवल्या."

प्रचारक शांतपणे म्हणाले, "ताई, देवावर भरवसा नाही का?"

मी म्हटलं, "देवावर हाये, भाऊ. तुमी बोलले ते त्याचंच हाये का, ते मी पाहून राह्यली. तुमी सकाळी वाचलं, त्यात दुखणाइतासाठी प्रार्थना करा म्हणते, तेल लावा म्हणते. गोळी टाका असं मले कुठी दिसलं नाई. तुमाले दिसलं असन तं दाखवा. मी वाचते."

मी शास्त्र पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पान उघडलं, ते पत्र पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेवटी म्हणाले, "मला ज्यांनी शिकवलं ते असंच करायचे. मी कधी विचारलं नाही त्यांना." आणि शास्त्र दोन्ही हातांनी मला परत दिलं.

पाळक उठले. त्यांनी टोपली माझ्यासमोर आणून ठेवली. एस्तेरचं पाकीट मी दवाखान्यानं लिहिलेल्या नावावरून ओळखलं. ते म्हणाले, "तुमच्या मंडळीच्या ज्या ज्या असतीन त्या बी घेऊन जा. ज्याच्या त्याच्या हातात द्या. ठेवाच्या का घ्याच्या, ते ज्याचं त्यानं पाहावं." मग हळूच म्हणाले, "हे मीच सकाळी उठून म्हनाले पायजे होतं, बाई."

सुमनबाई उठून निघून गेल्या.

गोळी वेळेवर दिली. रात्री टेकोड्यांचा रस्सा जेवलो, फार गोड लागला.

तिसऱ्या दिवशी सभेत भजनं झाली, वचन झालं. टोपली पुन्हा निघाली नाही. प्रचारकांनी प्रार्थनेत देवाजवळ मागितलं की आम्हाला पारखायला शिकव, आणि त्याआधी मला शिकव. निरोप घेताना म्हातारीनं एस्तेरच्या ओटीत मूठभर चारोळ्या घातल्या.

सभेत सगळ्यांसमोर देण्याचा मला धीर झाला नव्हता, म्हणून परतीच्या बसमध्ये मी तिघींना त्यांची पाकिटं दिली. दोघींनी घेऊन पटकन पिशवीत लपवली. सुमनबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "राहू दे तुझ्याजवळ. तुझ्यासारखा कमजोर विश्वास नाई माहा." आष्टीचा पूल गेला, गोंडपिपरी गेलं, त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. घुग्घुसला उतरताना त्यांना जरा चक्कर आली, दांडा धरून थांबल्या, पण माझा हात घेतला नाही.

घरी आल्यावर मी पुष्कळ गोष्टींसाठी देवाचे आभार मानले. कंडक्टरच्या बोलण्यासाठी मानले, पाळकांच्या प्रामाणिकपणासाठी मानले, त्या प्रचारकांच्या गळ्यासाठीही मानले. लालीबाईंच्या सासूसाठी तर रोज मानते. मला वाटायचं, पारखणं म्हणजे मोठ्यांचा अपमान. त्या घरात जेवल्यावर कळलं की ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्यासाठीच माणूस पारखून घेतं. आणि देवानं मला चौथीपर्यंत शिकवलं ते उगाच नाही, हेही कळलं. फक्त सुमनबाईंचं पाकीट फळीवर तसंच पडलं होतं. त्याकडे पाहून मला झोप येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तेर शाळेची वेणी घालून घेत होती, तेव्हा दारात सावली पडली. सुमनबाई होत्या. चेहरा उतरलेला, चौकटीला हात टेकलेला. आत आल्या, खाटेवर बसल्या. तीमथ्याची ती ओळ मला दाखव म्हणाल्या. मी वाचून दाखवली. आणखी एकदा वाचायला लावली. मग एस्तेरकडे वळल्या.

"पोरीले गोळी देली काय?"

"देली."

"मंग मले बी पानी दे," त्या म्हणाल्या आणि फळीवरच्या पाकिटासाठी हात पुढे केला.