सनीव्हेलमधले जपानी ऋतू

गाणं शिकायला गेलेल्या माणसाकडे गाणी साठतात. माझ्याकडे फजित्या साठल्या. मित्र जेवायला आले की माझी बायको मुग्धा पोळी वाढता वाढता त्यातली एखादी हळूच काढते. मग बाकीच्या मलाच सांगाव्या लागतात.

सुरुवात अगदी साधी होती. आमची ईरा सहा वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या नादाने शनिवार सकाळच्या जपानी बालगीतांच्या वर्गाला जायला लागली. कम्युनिटी सेंटरचा हॉल आणि शिकवायला सत्तरीच्या सातोबाई. सगळी जुनी, पारंपरिक गाणी, आणि प्रत्येक गाणं कुठल्या तरी ऋतूचं. आईबाबांनीही सोबत गायचं अशी पद्धत. थोड्याच महिन्यांत ईराने "बाबा, आय ॲम डन" असं जाहीर केलं आणि जिम्नॅस्टिक्स धरलं. ते सांगायला मी सातोबाईंकडे गेलो. त्या कमरेत वाकल्या, म्हणून मीही वाकलो, आणि सरळ होईपर्यंत पुढच्या शनिवारी एकट्याने यायचं कबूल करून बसलो होतो.

तेव्हापासून त्या वर्गात मूल न आणणारा पालक मी एकटाच.

*

मला सगळ्यात आधी जमलं ते बर्फाचं गाणं. चाल सोपी, शब्द थोडे. त्यामुळे जुलै महिन्यात, टी-शर्ट घामाने चिकटलेला असताना, मी हॉलमध्ये खुर्च्या मांडता मांडता तेच गुणगुणत होतो.

"ते गाणं आत्ता झोपलंय," सातोबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मी इंजिनियर. मी त्यांना समजावून सांगितलं की सनीव्हेलमध्ये बर्फ कधीच पडत नाही, तेव्हा हे गाणं एक तर कधीच म्हणू नये, नाही तर बारा महिने म्हणावं. इथे ऋतू असे नाहीतच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला आणि मुलांना बाहेर पार्किंग लॉटमध्ये नेलं आणि एका झाडाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय करतंय? मी बराच वेळ निरखून पाहिलं आणि सांगितलं, की माझ्या गाडीवर सावली देतंय.

शेजारची चार वर्षांची पोरगी म्हणाली, "इट्स डुइंग समर."

पुढच्या शनिवारपासून मला तिच्या शेजारी बसवण्यात आलं.

*

उच्चारांच्या बाबतीत मात्र मला फार गर्व होता. बाकीचे आईबाप रोमन लिपीत गाणी लिहून घ्यायचे, मी देवनागरीत. आमच्या लिपीत जगातला कुठलाही आवाज जसाच्या तसा उतरतो, असं मी सगळ्यांना न विचारता सांगत असे.

त्याच जोरावर मी एकदा वर्गातल्या एका मुलाच्या मावशीला जपानीत हाक मारली. आपल्याकडे काकू म्हणतात तसंच, आदराने. जपानीत मावशी-काकूला 'ओबासान' म्हणतात, आणि त्यातला 'बा' जरा लांबवला की त्याची आजी होते. मी भक्तिभावाने चांगला लांबवला होता. बाई जेमतेम चाळिशीच्या असतील.

शाळेत ऱ्हस्व-दीर्घाने माझे मार्क खाल्ले. इथे माणसं खाल्ली.

*

मग ते बाहुल्यांचं झालं. पावसाच्या गाण्यांच्या वेळी सातोबाईंनी मुलांना पांढऱ्या फडक्याच्या छोट्या बाहुल्या करायला शिकवलं. गोल डोकं, गळ्याशी दोरा, आणि खिडकीत टांगायच्या. आमच्याकडे तेव्हा दुष्काळ होता, लॉनला पाणी घालायलासुद्धा बंदी. पावसाच्या गाण्याची बाहुली म्हणजे पाऊस आणणारी, हे मला इतकं उघड वाटलं की विचारलंही नाही. मुग्धाची जुनी चादर फाडून मी आख्खी बाल्कनी भरून टाकली.

सोसायटीकडून ईमेल आली, की हॅलोविनचं डेकोरेशन जूनमध्ये लावू नये. त्यात गळफास लागलेली भुतं तर अजिबात नको.

मी चिडून सातोबाईंना फोटो दाखवला. त्यांनी तो जवळ धरून नीट पाहिला आणि विचारलं, तुम्हाला पाऊस आवडत नाही का? त्या बाहुल्या पाऊस पळवून लावणाऱ्या होत्या.

*

भूपाचा किस्सा मुग्धाचा विशेष लाडका. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मी वसंतातलं एक जपानी गाणं म्हणायचं ठरवलं. पेटीवर आमच्या मंडळाचे गोखलेकाका. प्रॅक्टिसच्या वेळी दोन ओळी ऐकून ते खूश झाले. "अरे, हा तर चक्क भूप आहे," म्हणाले. आणि सूर खरोखरच तेच होते.

स्टेजवर त्यांना राहवलं नाही. त्यांनी एक हरकत घेतली, मी दुसरी. मग त्यांनी तान घेतली. मला तान येत नाही, पण माइक माझ्या हातात होता. छोटंसं बालगीत बघता बघता बडा ख्याल होऊन बसलं. सातोबाई पहिल्या रांगेत, मीच आग्रहाने बोलावलेल्या. कार्यक्रमानंतर त्यांनी माझा हात हातात घेतला, तुमचं भारतीय गाणं फार सुंदर होतं म्हणाल्या, आणि विचारलं, "जपानी गाणं आता केव्हा म्हणणार?"

*

बाबा गेल्यानंतर मी आईला इकडे घेऊन आलो. ती बोलायची नाही. दिवसभर खिडकीशी बसायची आणि संध्याकाळी एवढंच विचारायची, माझं परतीचं तिकीट केव्हाचं काढतोस? एका शनिवारी मुग्धा ऑफिसच्या कामाने बाहेर होती, म्हणून आईला घेऊन वर्गाला गेलो. निघताना तिने एक स्टीलचा डबा पिशवीत घातला. मी विचारलं नाही.

पानगळीची गाणी चालली होती. ती संपल्यावर सातोबाईंनी माझ्यामार्फत आईला विचारलं, की या दिवसांत तुमच्याकडे मुलं काय गातात? नवरात्र चालू होतं. आई उठली आणि मला म्हणाली, "भोंडल्याला मध्ये हत्ती लागतो. कार्पेटवर रांगोळी कशी काढणार? तू बस."

मी मधोमध बसलो. आईने एका हाताने सातोबाईंचा हात धरला, दुसऱ्या हाताने माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या पोरीचा, आणि माझ्याभोवती फेर सुरू झाला. तिचा गातानाचा आवाज मी किती तरी दिवसांनी ऐकत होतो. मान खाली घालून बसून राहिलो. हत्तीला तेवढंच काम होतं.

शेवटी खिरापत. डब्यात काय आहे ते झाकण न उघडता ओळखायचं असतं, हे मी सगळ्यांना समजावलं. मुलांनी कुकी, चिप्स, पिझ्झा, सगळं म्हणून पाहिलं. आई नाही-नाही करत मान हलवत होती. मग तिने डबा सातोबाईंच्या कानाशी नेऊन हळूच खुळखुळवला. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि जपानीत एकच शब्द बोलल्या, "नात्सुकाशी."

"बरोबर," आई म्हणाली आणि झाकण काढलं. शेंगदाण्याचे लाडू होते.

मला तेवढं जपानी येतं. जुनं, जवळचं काही आठवून जीव भरून येतो, तेव्हा तो शब्द म्हणतात. तो खाण्याच्या वस्तूचा नाहीच. परतताना गाडीत मी आईला ते सांगितलं. म्हटलं, तू उगाच बरोबर म्हणालीस, त्या लाडू म्हणाल्याच नव्हत्या.

"माहितीये मला," आई म्हणाली.