द फारास घराण्याचा लातूरचा वारस

"मॅडम, बाराव्या शतकापासूनचं सगळं रेडी आहे. तुम्ही फक्त मधला एक पेपर सर्टिफाय करा," असं म्हणत सरांनी टेबलावर चादरीएवढा कागद पसरला.

लातूरला त्यांच्या शाळेच्या ऑफिसात मी बसले होते. सर म्हणजे राजेंद्र फरासे. आधी क्लासेस, मग ज्युनिअर कॉलेज, मग इंटरनॅशनल स्कूल. गावभर त्यांचे फ्लेक्स. कागदाच्या वरच्या टोकाला एक किल्ला, एक ढाल आणि ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. त्याखाली पंधरा-सोळा पिढ्यांची फ्रेंच नावं. सगळ्यांत खाली सर, त्यांच्या मिसेस आणि मुलगा. मुलाच्या नावामागं डॉ. लावलेलं होतं.

मी नांदेडची. जुन्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली, तिथूनच रिटायर झाले. अब्बा दफ्तरात मुन्शी होते. त्यांनी लहानपणीच फारसीची घसीट लिपी वाचायला शिकवली. मोडी नोकरीत लागली म्हणून शिकले. आता घरी बसून जुने कागद वाचून देते. बहुतेक लोक जात पडताळणीसाठी येतात. पणजोबाचा कागद हवा असतो, तो वाचणारं माणूस हवं असतं. गेली दोन-तीन वर्षं आम्हा मोडीवाल्यांच्या दारात चपला मावत नाहीत.

पण फ्रान्सचा सरदार शोधायला कुणी आलं नव्हतं.

सरांनी सविस्तर सांगितलं. परदेशातल्या एका संस्थेच्या वेबसाइटवर त्यांनी आडनाव टाकलं. फरासे. संस्थेनं कळवलं की मध्ययुगात फ्रान्समध्ये 'द फारास' नावाचं उमराव घराणं होतं आणि त्याची एक शाखा हिंदुस्थानात आली असावी. सरांना ते लगेच पटलं. आपल्याला आधीपासून वाटायचंच, असं ते म्हणाले. आपला रंग, आपली उंची, आपली शिस्त. त्यांच्या मिसेस मान हलवत होत्या. उंची माझ्याएवढी होती. माझ्या खानदानात कुणी फ्रान्सला गेलेलं नाही.

मधला पेपर म्हणजे एका मोडी कागदाची झेरॉक्स. तीही धड नव्हती, उजवी बाजू आलीच नव्हती. दोन ओळींच्या सुरुवातीचे दोन शब्द तेवढे वाचता येत होते. वर 'मुसा' आणि त्याखाली 'फरास'. सरांच्या ओळखीच्या कुणीतरी ते जोडून वाचले होते. मुसा फरास, म्हणजे मस्यू द फारास.

यात एक गोष्ट खरी होती. निजामाच्या फौजेत एके काळी फ्रेंच कप्तान होते. त्यांना त्यांच्या भाषेत मस्यू म्हणायचे, म्हणजे साहेब. आपल्याकडच्या जिभेवर त्याचं मुसा झालं. पण फरास हा शब्द फ्रान्सचा नाही. तो फारसी आहे. डेरे-तंबू ठोकणारा, सतरंज्या-गालिचे अंथरणारा, तो फरास. हा शब्द बघून माझ्या मनात शंका आली नाही, खात्रीच झाली. पण अर्धा कागद बघून मी तोंड उघडत नाही. ओरिजिनल कुठं आहे, एवढंच विचारलं.

सर जरा घुटमळले. चाकूरला, म्हणाले, एका लांबच्या माणसाकडं. त्याला यातलं काही कळत नाही. तुम्ही झेरॉक्सवरच करा.

मी म्हटलं, झेरॉक्सवर मी कधीच सही केली नाही.

मग त्यांनी घाई का आहे ते सांगितलं. संस्थेचे लोक फ्रान्सहून येणार होते. कार्यक्रमात 'रॉयल लिनिएज' नावाच्या पुस्तकाचं प्रकाशन, शाळेच्या गेटवर ढाल-सिंहाचं अनावरण, आणि मग तिकडच्या एका शाळेशी करार. त्यासाठी दोन कागद लागणार होते. एक तज्ज्ञाचं म्हणजे माझं सर्टिफिकेट. दुसरं सरांचं नोटरीसमोर केलेलं शपथपत्र, की आमचं पितृकुळ मूळचं फ्रेंच उमरावांचं आहे आणि सोबतचा वंशवृक्ष खरा आहे. ड्राफ्ट तयार होता. त्याची आणि वंशवृक्षाची एकेक कॉपी त्यांनी मोठ्या हौसेनं मला दिली. फोल्डरवर सोनेरी सिंह होता.

बसमध्ये मी तो वंशवृक्ष नीट पाहिला. वंशावळ करायची रीत सोपी असते. आपल्यापासून सुरुवात करायची आणि वर चढायचं. मुलगा, त्याचा बाप, त्याचा बाप. प्रत्येक पायरीला एक कागद. कागद नसेल तिथं थांबायचं. इथं उलटं होतं. वरून खाली उतरत आले होते आणि मधे तीनशे वर्षांची उडी मारून थेट लातूरच्या मेन रोडवर पडले होते. खालच्या टोकाला सरांच्या वडिलांना एक धाकटा भाऊ दाखवला होता. त्याच्यापुढं लिहिलं होतं, निःसंतान.

नांदेडला पोचल्यावर फ्रान्सचं आधी बघितलं. तिकडंही आपल्यासारखं जिल्ह्याजिल्ह्याला सरकारी दफ्तर असतं. किल्ला ज्या जिल्ह्यात होता तिथल्या दफ्तराला ई-मेल टाकला, मोबाइलवर भाषांतर करून. आठवड्यात उत्तर आलं. एलेन नावाच्या बाई, माझ्यासारख्याच दफ्तरात केस पांढरे केलेल्या. त्यांनी कळवलं की सामान्य लोकांचे जन्म-मृत्यू चर्चच्या वह्यांत फार पुढं नोंदले जायला लागले. त्याआधीचं फक्त जमीनवाल्या बड्या लोकांचं सापडतं, दानपत्रांतून आणि हुंड्याच्या करारांतून. द फारासांची अशी पत्रं आहेत. शेवटच्या सरदाराला मुलगा नव्हता. एक मुलगी होती. ती लग्न होऊन गेली, जमीन जावयाकडं गेली, नाव संपलं. हे घडलं ते इकडं फ्रेंच पलटणी यायच्या तीनेकशे वर्षं आधी. किल्ल्याची आता एक भिंत उभी आहे आणि तिच्या सावलीला गाई बसतात.

खाली बाईंनी लिहिलं होतं की या घराण्याचे वारस त्यांच्याकडं दरवर्षी दोन-तीन तरी येतात. तुमचा कुठला? मी लिहिलं, लातूरचा.

मग चाकूरला गेले. पत्ता शोधायला वेळ लागला नाही. फरासे म्हटल्याबरोबर पानवाल्यानं बोट दाखवलं. फरासे मंडप डेकोरेशन. दारात बांबूंची चळत, गुंडाळलेल्या कनाती, खुर्च्यांचे मनोरे. मालकाचं नाव दिगंबर. पन्नाशीचा माणूस, हाताला दोरखंडाचे घट्टे. सरांचा कोण, असं विचारलं. म्हणाला, "सख्खा चुलतभाऊ, आपा. त्याचे वडील थोरले, माझे धाकटे."

म्हणजे सरांनी ज्याला जन्मालाच येऊ दिलं नव्हतं, त्या माणसानं मला खुर्ची पुसून दिली आणि चहा मागवला.

ओरिजिनल कागद त्यानं पत्र्याच्या नळीतून काढला. मेणकापडात गुंडाळलेला, कडा शाबूत. आमच्या ऑफिसातसुद्धा कागद असे ठेवलेले मी क्वचित पाहिले. वाचायला पाच मिनिटं लागली. मुसा साहेबाचे पलटणीत, ही पहिली ओळ. फरास हणमंता वल्द रामजी, ही दुसरी. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढं त्याची जात, त्याचं गाव, आणि भर पावसाळ्यात छावणीचे तंबू उभे ठेवले म्हणून त्याला नेमून दिलेली कायमची चाकरी. शिक्का, साक्षी, सगळं जागेवर.

दिगंबरला वाचून दाखवलं. पुन्हा एकदा वाचा, म्हणाला. दुसऱ्यांदा वाचताना त्यानं आतून मुलीला बोलावलं. वैष्णवी. बारावी झालेली, नर्सिंगला नंबर लागलेला. तिची जात पडताळणी चालू होती आणि हाच कागद तिच्या फाइलमध्ये लावायचा होता. आधी एकदा लावला होता, पण वाचून दिलेलं नसल्यानं समितीनं परत केला होता. मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. व्हॅलिडिटी म्हणजे पडताळणीचा दाखला मिळाला नाही तर सीट जाणार होती.

"आपा, आमच्याकडं दुसरा कागदच न्हाई," दिगंबर म्हणाला. "राजूच्या पोराच्या वेळी हाच दिला होता. तवा वाचलेला मागत न्हवते, त्याचं झालं. हिचं अडकून राहिलं."

मी विचारलं, राजूच्या पोराच्या वेळी म्हणजे?

तेव्हा कळलं. डॉक्टर मुलाची एमबीबीएसची सीट राखीव कोट्यातली होती. सरांनी त्या वेळी हाच कागद चाकूरहून नेला होता, हणमंताचं नाव वर घालून वंशावळ केली होती आणि त्यावर शपथेनं सही केली होती. वंशावळीत काका होते, दिगंबर होता, सगळे जिवंत होते. त्या फाइलची कॉपी वैष्णवीकडं होती. तिनं ती काढून दिली.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पडताळणी समिती एकट्या माणसाचे कागद बघत नाही, बापाकडचं सगळं गोत बघते. चुलतभावाची व्हॅलिडिटी असेल तर बहिणीला आधार होतो. पण त्याच भावाच्या बापानं उद्या शपथेवर सांगितलं की आमचं पितृकुळ फ्रेंच आहे आणि माझा काका निःसंतान होता, तर मुलगी कुणाची, हाच पहिला प्रश्न येतो. एका माणसाच्या गेटवर सिंह बसावा म्हणून ही पोर कागदावरून पुसली जाणार होती. मला तिथंच राग आला. पण चहा गोड होता आणि माणसं चांगली होती, म्हणून गप्प बसले. वैष्णवीला कागद वाचून, लिप्यंतर करून, सही-शिक्क्यानिशी दिला. त्याच बसस्टँडवरून लातूरची गाडी पकडली.

सर खुशीत होते. गेटवर ढालीसाठी चौथरा बांधून झाला होता. त्यांनी पेनच पुढं केलं.

मी आधी फ्रान्सचं सांगितलं. सर म्हणाले, त्या बाईला काय माहीत, सरकारी क्लार्क ती. मी म्हटलं, मीही तेच होते. मग कागदाचं सांगितलं. फरास म्हणजे काय ते सांगितलं. त्यांच्या मिसेसनी पंख्याचा वेग वाढवला. सर म्हणाले, शब्दाचे अनेक अर्थ होतात, तुम्ही निगेटिव्ह अर्थ घेताय. तंबू ठोकणं निगेटिव्ह कसं, असं मी विचारलं. त्या हणमंतानं पावसात छावणी कोरडी ठेवली, तुमच्या फ्रेंच सरदाराला एक पोरगा ठेवता आला नाही. ते चिडले. तुमच्यावाचून अडत नाही, औरंगाबादला दुसरे एक्स्पर्ट आहेत, सोमवारपर्यंत सही आणतो, असं बरंच बोलले.

मी त्यांना बोलू दिलं. मग टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक सोनेरी सिंहाच्या फोल्डरमधला ड्राफ्ट. दुसरी त्यांच्या मुलाच्या पडताळणीतली वंशावळ, खाली त्यांचीच सही.

"सर, दोन्ही शपथा खऱ्या असू शकत नाहीत. कुठली ठेवायची?"

त्यांनी दुसरा कागद उचलला, वाचला, परत ठेवला. मिसेसनी तो वाचला आणि दार लावून घेतलं. मी पुढचं सावकाश सांगितलं. तुम्ही फ्रेंच असाल तर तुमचे चिरंजीवही फ्रेंच. मग त्यांची व्हॅलिडिटी खोटी, सीट खोटी, डिग्रीचं काय ते समिती ठरवेल. पुस्तक छापलं की ते कुणाच्याही हातात पडू शकतं. तुमच्या धंद्यात तुमचं चांगलं बघणारे किती आहेत ते तुम्हाला माहीत.

मग सरांनी अगदी हळू विचारलं, "हे अजून कुणाला माहितीय?"

मी म्हटलं, चाकूरला सगळ्या गल्लीला माहितीय की तुम्ही हणमंताचे. लपवायचं काम तुम्हीच काढलंय.

बाराव्या शतकापासून चालत आलेलं घराणं त्या दुपारी पावणेचारच्या सुमारास संपलं. सरांनी ड्राफ्ट स्वतःच्या हातानं फाडला, मोठ्या काळजीनं, चार-चार तुकडे. फ्रान्सच्या पाहुण्यांना काही तांत्रिक कारण कळवलं. पुस्तक प्रेसमधून परत आणलं. गेटवरच्या चौथऱ्यावर आता कुंडी आहे.

मी जायला निघाले तर सरांनी एक शेवटचा प्रयत्न केला. 'फ्रेंच संबंध' एवढे दोनच शब्द सर्टिफिकेटमध्ये घालता येतील का? मी म्हटलं, येतील की. सर्टिफिकेट केलं आणि पाठवलं. 'यांचे पूर्वज हणमंता वल्द रामजी यांनी फ्रेंच कप्तानाचे तंबू उत्तम ठोकले.' पोच आली नाही.

वैष्णवीची व्हॅलिडिटी मुदतीच्या चार दिवस आधी मिळाली. समितीनं चुलत्याची म्हणून सरांची साक्ष मागवली होती. गेले निमूटपणे, सही करून आले. काका निःसंतान होते, हे त्यांना त्या दिवशी आठवलं नाही.

तेव्हापासून कुणी राजघराण्याची वंशावळ काढायला आलं की मी कागद बघायच्या आधी एकच विचारते, घरात कुणाची व्हॅलिडिटी झालीय का. निम्मे सरदार तिथूनच परत जातात.