मंद आचेवरची गिटार

आपला आवाज जगाला ऐकू जावा म्हणून माणसं काय वाटेल ते करतात. माझ्या ताईच्या धाकट्या दिराने मात्र उमेदीची सगळी वर्षं आपला आवाज शेजारच्या घरात जाऊ नये या खटपटीत घालवली. बरं, हा काही बासरी वाजवणारा सौम्य गृहस्थ नव्हता. इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. उपनगरातल्या एका ऑर्केस्ट्रात होता; कानांवर केस, पांढरी बेलबॉटम आणि मागे कपाटाएवढी ॲम्प्लिफायरची पेटी. बोरिवलीच्या एका गणेशोत्सवात मी त्याला ऐकलं होतं. एक सूर त्याने असा लांबवला की मंडपाच्या कनाती थरथरल्या आणि माझ्या शेजारच्या आजोबांनी कवळी काढून खिशात ठेवली. "पेटी फुल्ल उघडली ना, की गिटार रडते यार," तो म्हणायचा. "थोडीच उघडली तर नुसती कुंई कुंई करते." त्याला ते रडणंच हवं असायचं. हसतमुख माणूस, पण सूर रडका लागला की त्याचा दिवस चांगला जायचा.

मग त्याच्या आईच्या अंगावरून वारं गेलं. चारकोपच्या सेक्टरातलं त्यांचं बैठं घर, पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. दाजींची नोकरी फिरतीची, ताई तेव्हा त्यांच्याबरोबर विदर्भात. आईची उजवी बाजू गेली, जीभ शाबूत राहिली, आणि डोकं इतकं हळवं झालं की भांडं पडलं तरी ती कळवळायची. दिवसा शेजारीण बघायची, तेवढ्यात हा अंधेरीच्या कारखान्यातली नोकरी करून यायचा; संध्याकाळी तिला सोडून कार्यक्रमांना जाणं शक्य नव्हतं. ऑर्केस्ट्रा सोडल्याचं त्याने कुणाला धड सांगितलंही नाही. पण गिटार काही सुटेना. "रविवारी जाऊन येत जा रे, एकटा पडलाय तो," असं ताईने मला तिकडून बजावलं होतं, म्हणून त्याचे पुढचे सगळे प्रताप मला जवळून बघायला मिळाले.

त्याला तोच मंडपातला रडका सूर हवा होता, पण आजारी बाईच्या उशाशी चालेल एवढाच. हे म्हणजे वरातीचा घोडा स्वयंपाकघरात नाचवण्यासारखं होतं. आधी त्याने पेटी लोखंडी कपाटात घातली, तर सुरासुराला हँगर वाजू लागले. मग तिला घरातल्या सगळ्या गोधड्या गुंडाळल्या. ती पेटी व्हॉल्व्हची, आत निखाऱ्यासारखी तापणारी, थोड्या वेळात करपल्याचा वास सुटला आणि आई खाटेवरून ओरडली, "घर पेटवतलो रे मेलो!" मग पाण्याच्या रिकाम्या पिंपात स्पीकर सोडला. त्यातून विहिरीत पडलेला माणूस हाका मारतोय असा आवाज यायचा. एकदा पाणी आलं म्हणून शेजारीण पिंपात नळी सोडायला आली, तेव्हा हा दोन्ही हात पसरून पिंपापुढे उभा राहिला. त्या दिवसापासून ती बाई त्याच्याशी जरा जपूनच बोलायची.

या सगळ्या प्रयोगांची परीक्षक आईच. तरुणपणी गिरणगावात तिने कामगारांची खाणावळ चालवली होती, आणि गिटारविषयी ती जे काही बोलायची ते चुलीच्या भाषेत. "आई, कसा वाटतो?" याने विचारायचं आणि तिने डोळे मिटून सांगायचं, "कच्चो." दुसऱ्या दिवशी, "करपलो." कधी नुसतंच, "मीठ कमी आसा." मला हसू यायचं, पण तो मान डोलवून पुन्हा पेचकस हातात घ्यायचा. कारण गंमत अशी की ती बरोबर सांगायची.

एका रविवारी तो त्या धूड पेटीचं बटण जेमतेम उघडून कुंई कुंई करत बसला होता. आईने बराच वेळ सहन केलं. मग म्हणाली, "मेल्या, खानावळीच्या टोपात दोन मुठी तांदूळ टाकलंस तर भात होतलो कसो? ल्हान टोप घे आणि पुरो भर."

तो वाजवायचा थांबला. हळूहळू त्याची मान वर फळीकडे वळली. तिथे विणलेल्या कापडाखाली त्याच्या वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. वडील गेल्यापासून तो कुणी लावला नव्हता. "आई, हात लावू?" त्याने विचारलं. तिने डाव्या हाताने पदर सारखा केला. मग म्हणाली, "लाव. कापड मात्र नीट घडी करून ठेव."

पुढचा आठवडा त्याने कारखान्यातून आल्यावर तारांना सोल्डरचे डाग देण्यात घालवला. गिटारचा आवाज रेडिओला पुरेल एवढा वाढवायला एक सर्किट केलं आणि ते साबणाच्या डबीत बसवलं. रेडिओ आणि त्याच्या स्पीकरच्या मध्ये एक बटण लावलं, म्हणजे रेडिओ आतून पुरता तापायचा, पण बाहेर हवा तेवढाच आवाज सोडायचा. पुढच्या रविवारी माझ्यासमोर त्याने तार छेडली. गिटार रडली! मंडपात रडली होती तश्शीच, फक्त आपण दोघं बोलतो तेवढ्या आवाजात. त्याने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "आता बरो शिजलो." आणि हा घोड्याएवढा मोठा माणूस बाहीने डोळे पुसायला लागला. "झकास ना रे? झकास ना?" तो मला सारखं विचारत राहिला.

ती दोघांची चांगली वर्षं होती, असं मला आजही वाटतं. संध्याकाळी आईला भरवून झालं की तो रेडिओ स्टुलावर ठेवायचा आणि तिच्या उशाशी बसून वाजवायचा. ती "वायंच कमी" म्हणाली की त्याचा हात बटणावर जायचा. पुढे पुढे तिने म्हणायचीही गरज उरली नाही. ती खोकली, तिच्या कपाळाला आठी पडली, बाहेरून कुणी हाक मारली, तरी हात आपोआप जाऊन आवाज कमी करायचा. तिचं दुखणं वाढत गेलं तसा सूर लहान होत गेला. दारात उभं राहिलं तर तारांची खसखसच ऐकू यायची. खाटेला टेकून बसलं तरच ते रडणं कानी पडायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर मला एकदा विचारलं, "काय हो, तुमच्या पाव्हण्याने गिटार सोडली वाटतं?"

श्रावणात एका दुपारी ती झोपेतच गेली. ताई-दाजी आले, दिवसवार झाले, परत गेले. मी रविवारी जायचो तेव्हा रेडिओवर पुन्हा कापड दिसायचं. मी विषय काढायचो नाही. त्या रिकाम्या खाटेसमोर बसून आम्ही चहा प्यायचो आणि मी निघायचो.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत सेक्रेटरींनीच त्याला गळ घातली. "आता वाजव की बिनधास्त! आता कोणाला त्रास होणार आहे?" भला माणूस, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. संध्याकाळी आरतीनंतर सगळी सोसायटी मंडपात जमली. आमचा गडी स्टेजवर आला तो तोच रेडिओ पोटाशी धरून. स्टुलावर ठेवला, कापडाची नीट घडी केली, माईकवाल्याला "माईक नको रे" म्हणून बाजूला सारलं, आणि डोळे मिटून वाजवायला लागला.

पहिल्या रांगेलाही काही ऐकू येईना. "आवाज वाढव!" कुणीतरी ओरडलं. त्याचा हात बटणावर गेला आणि त्याने आवाज कमी केला. "अरे वाढव, वाढव!" हात पुन्हा गेला, आवाज आणखी कमी झाला. लोक हसायला लागले. जितका गलका वाढला तितका तो बटण मागे फिरवत गेला. इतकी वर्षं कुणी काही बोललं की त्या हाताने एकच गोष्ट केली होती. त्याला दुसरी येत नव्हती. मला ते बघवेना.

मी उठून स्टेजवर चढलो आणि रेडिओजवळ, आईची खाट असती तेवढ्या अंतरावर, खाली बसलो. तेव्हा ऐकू आलं. काय वाजवत होता तो! एवढं मोठं दुःख एवढ्या लहान आवाजात मावतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

संपल्यावर त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. "फार छान झालं रे," मी म्हटलं.

तो मुंबईतच जन्मला, वाढला. घरी आई मालवणीत बोलायची आणि हा आमच्यासारखंच उत्तर द्यायचा. तिची बोली मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. त्याने रेडिओवर कापड पसरलं, चारी टोकं सारखी केली आणि म्हणाला,

"नाय रे. मीठ कमी आसा."