चकती आणि मोटार

कंपनीतल्या उंच काचेच्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, दिवसभर एक चकती वरखाली करत राहणं, हे माझं काम. खालून द्रव सोडला की आतले बारीक मणी उचलले जातात, थर फुगतो. मग चकती वर घ्यायची. प्रवाह थांबला की मणी खाली बसतात. मग चकती त्यांच्या अगदी जवळ आणायची, पण टेकवायची नाही. टेकली की थर दबला.

त्या दिवशी अण्णांचे, माझ्या वडिलांचे, सारखे फोन. विहिरीचं पाणी उतरलं होतं, मोटार अजून खाली सोडायची होती आणि दोर धरायला घरात कुणी नव्हतं. इकडं माझे मणी बसायला तयार नव्हते.

"थांबा की जरा, अण्णा!" मी खेकसले. मणी बसल्यावर निघाले आणि गावापर्यंत, जळकोटपर्यंत, जीपमध्ये नखं खात बसले.

विहिरीवर दोर सोडताना माझा हात सवयीनं थांबला. मोटार गाळापासून वीतभर वर होती.

"सोड की अजून," अण्णा म्हणाले.

"गाळ ओढंल ती. मधे अंतर नको व्हय?"

अण्णा खाली बघतच राहिले. "अंतर ठेवायला पाणी तर पाहिजे, बाई."